भिंतीची बाहेरची बाजू

आमच्या सरांना जेवायला बोलवायचं म्हणजे आधी घरामागची भिंत बघून ठेवावी लागे. पानं वाढली जायची, वरण निवायला लागायचं आणि सर कुठे गेले म्हणून बघावं, तर ते परसात भिंतीला तळहात लावून उभे. "चुन्यातली हाय का मातीतली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. यजमानाला बहुधा ते ठाऊक नसायचं. मग सर नखानं थोडं खरवडत, बोटाला लागलेली भुकटी बेधडक जिभेवर ठेवत आणि निकाल देत, "चुना हाय. आज्यानं बांधली असंल, बापानं न्हाई." एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या सोयरिकीत ते मध्यस्थ होते. पोहे झाले, मुलीला विचारून झालं, पाहुणे म्हणाले, "आता मध्यस्थांनी बोलावं." मध्यस्थ तेव्हा शेजारच्या पडक्या गढीच्या बुरुजावर चढले होते. लग्न ठरलं आणि सुखाचं झालं. सर म्हणायचे, "मी नव्हतो म्हणून झालं."

मी वसमतच्या कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, वसमत परभणीत मोडत होतं. मी नगरकडची. आले तो हळद शिजवायचा हंगाम होता आणि बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत सगळ्या हवेला उकडलेल्या हळदीचा वास होता. राहायला खोली हवी म्हटल्यावर प्राचार्य म्हणाले, "इतिहासाच्या सरांची माडी रिकामी आहे. माणूस फार चांगला. फक्त रोमचा विषय काढू नका."

"मी कशाला काढेन?" मी म्हटलं.

"तुम्ही नाही काढलात तरी निघतो," प्राचार्य म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी निघाला. माडीच्या जिन्याला कठडा नव्हता. मी तेवढं सांगायला खाली गेले आणि दोन कप चहा पिऊन, कठड्याचं न बोलताच वर आले. मधल्या वेळात मला कळलं होतं की रोमन साम्राज्य म्हातारं झालं, पूर्वेकडून आणि उत्तरेकडून टोळ्या चालून येऊ लागल्या, तेव्हा इटलीच्या ईशान्येला, जिथे आल्प्सचे डोंगर जरा बुटके होतात, तिथल्या खिंडींमध्ये रोमनांनी भिंती घातल्या. चीनसारखी एक सलग भिंत नव्हे. एक तुकडा इथे, एक तुकडा पलीकडच्या खोऱ्यात.

"जिथं डोंगर उभा हाय तिथं भिंत न्हाई," सर बशीतला चहा फुंकत म्हणाले. "जिथून माणूस जातो, बैल जातो, गाडी जाते, तिथंच भिंत. काहून? दगड वाहून आणायला तकलीफ होते वो मॅडम. साम्राज्य असलं म्हणून काय झालं."

त्यांचा सगळ्यात लाडका किल्ला त्या भिंतीवरच, घाटमाथ्यावर होता. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'नासपतीच्या झाडापाशी'. हे सांगताना सरांचा चेहरा खुलायचा. "एवढी मोठी फौज, एवढा मोठा बादशहा, अन् किल्ल्याचं नाव काय, तर नासपतीच्या झाडापाशी. आपला येष्टीचा कंडक्टर म्हणतो न्हाई का, लिंबापाशी उतरा? तसंच की." वसमतहून डोंगरकड्याकडे जाणाऱ्या गाडीत खरंच असा एक थांबा होता. सरांबरोबर त्या गाडीत बसलं की लिंबापाशी बरगडीत कोहणी ढोसली जायची.

हे सगळं ज्ञान एका पुस्तकातून आलेलं. पत्नीच्या माहेरचं कुणी हैदराबादला दवाखान्यात होतं म्हणून सर तिकडे गेले होते, आणि रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत त्यांना ते सापडलं. इंग्रजी, जाडजूड, कव्हर गेलेलं. सुरुवातीची पानं नव्हती, म्हणून पुस्तकाचं नाव काय आणि लिहिणारा कोण हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटचीही पानं नव्हती. त्यामुळे सरांच्या हिशेबी ती भिंत कधी पडलीच नाही. मी एकदा म्हटलं, "औरंगाबादला विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधू या ना, पुढे काय झालं ते कळेल." सर म्हणाले, "काहून शोधता? सुखानं उभी हाय, राहू द्या."

पुस्तकात फोटो पुष्कळ होते. एका गोष्टीची मात्र त्यांना कायम रुखरुख. सगळे फोटो आतल्या बाजूनं काढलेले. फोटो काढणारा इटलीकडे पाठ करून उभा राहिला होता आणि भिंतीपलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं. "बाहेरून कशी दिसत असंल?" सर पान उलटून बघायचे, जणू मागच्या बाजूला भिंतीची मागची बाजू छापली असेल.

वर्गात काय होत असेल याची कल्पना करता येईल. अभ्यासक्रमात मराठ्यांचा इतिहास होता, निजामाचं राज्य होतं, स्वातंत्र्यलढा होता. सर ते सगळं बरोबर शिकवायचे, पण एप्रिलच्या दुपारी खिडकीतून झळ आत आली की खडू खाली ठेवायचे. "ह्याला तुमी वारा म्हणता का?" मग त्या खिंडीतल्या वाऱ्याची गोष्ट. तिथे पूर्वेकडचा बादशहा आणि पश्चिमेकडचा बादशहा यांची लढाई झाली, दोघंही रोमनच, आणि डोंगरावरून असा वारा सुटला की पश्चिमेच्या सैनिकांनी फेकलेले भाले उलटे त्यांच्याच अंगावर आले, असं जुने लोक लिहून गेलेत. "परक्यासाठी भिंत बांधली, अन् मारामारी घरातल्या घरातच," सर म्हणायचे आणि पोरांना ते फार पटायचं, कारण प्रत्येकाच्या घरी भाऊबंदकी होतीच. एका वर्षी 'शिवकालीन दुर्गांचं महत्त्व' या प्रश्नाच्या उत्तरात अर्ध्या वर्गानं राजगडाच्या शेजारी नासपतीचं झाड लावलं. पेपर तपासणाऱ्या बाहेरगावच्या गृहस्थांनी प्राचार्यांना फोन करून विचारलं की हा गड नक्की कोणत्या तालुक्यात येतो.

सरांच्या पत्नी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे. बाई कामाला वाघ, बोलायला फटकळ आणि मायेची. "दवाखान्यात बाया विचारतात, सिस्टर, मालक काय करतात? मी म्हणते, इटलीत असतात. सणावाराला येतात." सर हे ऐकून खुदखुदायचे. ताईंनीच शेवटी वडार बोलावून जिन्याला कठडा घालून घेतला. सरांनी तो होताना पाहिला, हात लावला आणि "सिमेंट हाय" असं जरा दुःखानं म्हणाले.

त्यांच्या बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. दसऱ्याला दोघं न चुकता नागपूरला जात. भिंतींचं हे वेड आलं कुठून, हे मी एकदोनदा विचारून पाहिलं होतं, पण सर थट्टेवर न्यायचे. मग एकदा रविवारी ते म्हणाले, "चला, तुमाला माझी भिंत दाखवतो," आणि मला आणि ताईंना घेऊन डोंगरकड्याच्या गाडीत बसले. तिथून पुढे जीपनं त्यांचं गाव.

गावची गढी ढासळून गेली होती, पण वेस जागेवर होती. काळ्या दगडाची, कमान शाबूत, दारं कधीच गेलेली. मी पटकन आत शिरले. मागे वळून पाहिलं तर सर बाहेरच, रस्त्याच्या कडेला उभे.

"इकडं या," त्यांनी हाक मारली. "हिथून बघा."

मी बाहेर आले. वेशीच्या आत कमानीखाली दोन्ही अंगांना दगडी ओटे होते, गार सावलीतले. गावातली दोन म्हातारी माणसं तिथे बसली होती. बाहेरच्या बाजूला ओटा नव्हता, नुसती धूळ आणि ऊन.

"माझा आजा ह्या वेशीचा येसकर होता," सर म्हणाले. "हातात घुंगराची काठी. दिवस बुडाला की दार लावायचं, उजाडलं की उघडायचं. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला ठाऊक. पण तो बसायचा हिथं, धुळीत. तो ओटा आमच्यासाठी नव्हता. अन् आमचं घर तर तिकडं," त्यांनी मागे हात केला, "वेशीच्या बाहेर. दार लावून घ्यायचं, अन् आपणच बाहेर राहायचं."

ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून सरांना दिली.

"बाबा बौद्ध झाले, अन् दुसऱ्या दिवशी ती काठी त्यांनी चावडीवर नेऊन ठेवली. म्हणाले, आजपासून आमच्या घरातलं कोणी राखण करणार न्हाई. मग वसमतच्या मोंढ्यात हमाली केली, पण वेशीवर गेले न्हाई." सर पाणी प्यायले. "तर हैदराबादला ते पुस्तक चाळून राहिलो होतो, अन् एका पानावर लिहिलेलं दिसलं, की शेवटच्या काळात रोमनांच्या सरहद्दीवर पहारा द्यायला लोक मिळंनात, तवा त्यांनी भिंतीपलीकडचीच माणसं पहाऱ्याला ठेवली. मी फुटपाथवर खालीच बसलो. म्हणलं, आपले येसकर तिथंबी होते म्हणा की."

परतताना गाडीत ते पुन्हा नेहमीसारखे झाले आणि लिंबाच्या थांब्यावर मला कोहणी बसली. मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्या वेडाचं हसू यायचं थांबलं. म्हणजे हसू यायचं, पण त्याच्या मागे काहीतरी यायचं.

नवा जिल्हा झाला. आम्ही एका रात्रीत परभणीचे हिंगोलीचे झालो. सर म्हणाले, "सरहद्द सरकली, मी जागेवरच हाय. साम्राज्यात असंच असतं." त्यानंतर थोड्याच काळानं कॉलेजच्या तपासणीला बाहेरची समिती येणार असं कळलं आणि प्राचार्यांनी ठरवलं की कॉलेजला कंपाउंड वॉल हवी. आमच्या मैदानाची मागची बाजू उघडी होती. तिथून गुरं शिरायची, खेळपट्टीवर रवंथ करत बसायची. मैदानापलीकडे ओढा, आणि ओढ्याच्या वर बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यावरची माणसं आमच्या मैदानातून आडवी येऊन पुढच्या फाटकानं रस्त्याला लागायची, तिथून बाजार, दवाखाना, बसस्टँड. इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

भिंतीसाठी कमिटी नेमायची वेळ आली आणि सगळ्या स्टाफरूमनं एकाच दिशेनं मान वळवली. दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही.

मी सरांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या लग्नात जेवावं आणि एकदम स्वतःचंच लग्न ठरावं, तसं त्यांचं झालं. सिमेंटच्या विटा नकोत, काळा दगडच हवा, म्हणून त्यांनी भांडण केलं आणि जिंकलं. पाया किती खोल, दगड उभा लावायचा की आडवा, पावसाचं पाणी जायला भोकं कुठे, यावर वडारांशी तास न् तास चर्चा. कोपऱ्यावर एक छोटासा बुरूज काढला होता त्यांनी कागदावर. प्राचार्यांनी तो खोडला, सरांनी पुन्हा काढला, शेवटी जरा जाडसर खांब यावर तडजोड झाली. ताई म्हणाल्या, "चला, मालक इटलीहून परत आले म्हणायचे."

पाया झाला, मागच्या बाजूचं काम चालू झालं. कंबरेइतकी भिंत उभी राहिली. सर दर तासानंतर जाऊन हात लावून यायचे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शेवंता नावाची मुलगी होती, तांड्यावरची. तांड्यातून कॉलेजला आलेल्या पहिल्या चार मुलींमधली एक. मुलगी हुशार, बोलायला धीट, मराठीचा तास माझा असेल तर पुढच्या बाकावर. एक दिवस सरांचा तास संपता संपता ती उभी राहिली. मला पुढचा तास घ्यायचा होता म्हणून मी दारातच होते.

"सर, एक विचारू का?"

"इचार की."

"भिंत झाल्यावर आमी कुठून यायचं?"

सर म्हणाले, "पुढच्या फाटकानं."

"मागून तांडा हाय, सर. पुढच्या फाटकाला यायचं म्हंजे कारखान्याच्या रस्त्यानं वळसा. उसाचे ट्रॅक्टर असतात, दोन दोन ट्रॉल्या लावलेले. बाप म्हणून राहिला, त्या रस्त्यानं पोरीला पाठवत न्हाई. दुसऱ्या तिघींच्या घरीबी तेच चालू हाय."

ती काही रागानं बोलत नव्हती. खरोखर विचारत होती, कारण भिंतीतलं सरांनाच कळतं हे तिलाही माहीत होतं. सरांनी खडू टेबलावर ठेवला. तो घरंगळत खाली पडला, त्यांनी उचलला नाही. "बघतो," एवढंच म्हणाले आणि माझ्या शेजारून बाहेर गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर सर बैठकीत भिंतीचा नकाशा पुढ्यात घेऊन बसले होते. "मॅडम, ह्याच्यात काय न्हाई सांगा." मी बघितलं. पाया होता, खांब होते, पाण्याची भोकं होती, खोडलेला बुरूज होता.

"येस न्हाई, दार न्हाई," सर म्हणाले. "येसकराच्या नातवानं भिंत काढली, अन् येस काढायची विसरला. इतका खूश झालतो मी, की बाहेर कोणी राहतं ह्याचं भानच राहिलं न्हाई. आतून बघत होतो ना. त्या फोटोवाल्यासारखा."

त्यांना असं बसलेलं मला बघवेना. मी म्हटलं, "सर, अजून कंबरेइतकीच झालीये."

"व्हय," सर म्हणाले, "पण प्राचार्य कंबरेच्या वर हायेत."

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, पण समिती तोंडावर आली होती आणि त्यांना झोप लागत नव्हती. "सर, मागे फाटक ठेवलं की गुरं आली, टवाळ पोरं आली, सगळं आलं. मग भिंत बांधून उपयोग काय? बरं, फाटक ठेवलं तर राखणार कोण? पहारेकऱ्याची जागा मंजूर नाही. रोज सकाळी उघडणार कोण, संध्याकाळी बंद करणार कोण?"

मी चार मुलींचं सांगून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "मलाही वाईट वाटतं मॅडम, पण कोण राखणार ते सांगा." मग सर उठून उभे राहिले. आमच्या बैठकीत बोलायला कुणी उभं राहत नसे.

"मी राखतो," ते म्हणाले.

"तुम्ही? अहो, तुम्ही विभागप्रमुख आहात."

"माझा आजा येसकर होता. आमच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. बाबानं सोडलं, मी पुन्हा घेतो. सकाळी पहिल्या तासाआधी उघडीन, दिवस बुडायला लावीन. गुरं आत आली तर मला विचारा."

स्टाफरूममध्ये इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं ते कुठले, कोण. पण माहीत असणं आणि माणसानं चारचौघांत उभं राहून सांगणं यात अंतर असतं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. सरांनाच मग सगळ्यांची कीव आली असावी. ते म्हणाले, "अनुभव घराण्यातला हाय. मुलाखत घ्यायची गरज न्हाई." तेव्हा कुठे माणसं हलली. प्राचार्य म्हणाले, "ठेवा मग फाटक. पण जबाबदारी तुमची."

खरी मुलाखत घरी झाली. मी जिन्यातच थांबले होते, पण ताईंचा आवाज माडीपर्यंत येत होता.

"बाबानं काठी चावडीवर नेऊन टाकली, अन् तुमी ती उचलून आणून राहिले? त्यांनी पाठीवर पोती वाहिली, पण हे काम केलं न्हाई. कशासाठी? तुमी शिकावं म्हणून ना? मग शिकून काय झाले, येसकर?"

सर हळू आवाजात म्हणाले, "बाबानं हुकमाचं काम सोडलं. बराबर केलं त्यांनी. मला कोणी हुकूम केला न्हाई. अन् आजा बसायचा ती येस लावायला. ही मी उघडायला बसणार हाय. पोरी येणार हायेत तिच्यातून. बाबा असते तर तेबी आले असते माझ्यासोबत बसायला."

भांड्यांचा आवाज थोडा वेळ जोरात आला, मग कमी झाला. मी वर जायला वळले तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मग ओटा बांधा. उभ्यानं न्हाई राखायची. अन् धुळीत तर मुळीच न्हाई."

"बांधतो."

"आत एक, बाहेर एक."

"व्हय."

"बाहेरचा मोठा," ताई म्हणाल्या.

मैदानाच्या मागच्या बाजूला एक लिंब होता, त्याच्या अलीकडे सरांनी खूण केली. बांधलेले थर उतरवायचे होते. वडार म्हणाला, "सर, तुमीच म्हणले होते, दगड हलता कामा नये असा बसवा. आता निघून न्हाई राहिला." सरांनी स्वतः पहार घेतली. पहिला दगड निघाला तेव्हा तांड्याकडून माणसं ओढ्यापर्यंत आली होती, बघायला. शेवंताचा बाप आला, त्यानं दुसरं टोक धरलं. तो दगड बाजूला ठेवताना सर त्याला म्हणाले, "ह्याच दगडाचा ओटा करू." आणि तसाच केला.

समिती आली. तिनं भिंत पाहिली, दगडाचं कौतुक केलं. समितीतल्या एका बाईंनी मागच्या फाटकाबद्दल विचारलं तेव्हा प्राचार्यांनीच सांगितलं, मोठ्या अभिमानानं, की विद्यार्थिनींच्या सोयीसाठी आम्ही मुद्दाम ठेवलं आहे. सर मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

त्यानंतर रोज सकाळी सरांची सायकल आधी मागच्या फाटकाशी जायची. ताई डब्यासोबत थर्मासमध्ये चहा द्यायच्या, आणि कप सरांना एक लागत असताना चार द्यायच्या. त्या फाटकाला कुणी मागचं फाटक म्हणालं नाही. पोरींनी 'लिंबापाशी' म्हणायला सुरुवात केली, मग सगळं कॉलेज तेच म्हणू लागलं. सरांना यापेक्षा मोठा मान कुणी देऊ शकलं नसतं. गुरं एकदोनदा शिरली, हे खरं. सर त्यांच्यामागे धावले, हेही खरं. चार पोरींच्या पुढच्या वर्षी नऊ झाल्या, मग आम्ही मोजायचं सोडलं. शेवंता बी.एड. होऊन शिरड शहापूरला शाळेत लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आली ती फाटकावर आली, सरांच्या घरी नाही.

पुढे माझी नांदेडला नेमणूक झाली. सर निवृत्त झाले. निवृत्तीच्या समारंभात किल्ली परत द्यायची आठवण ना त्यांना झाली, ना कुणी करून दिली.

दोनेक वर्षांनी मी नांदेडच्या एका सायबर कॅफेत बसले असताना सहज मनात आलं आणि मी ती खिंडीतली भिंत शोधली. बऱ्याच वेळानं एक फोटो उघडला, वरून खाली हळूहळू. बाहेरच्या बाजूनं काढलेला. मी तो छापून घेतला, आणि पहिल्या सुट्टीला वसमतची गाडी धरली. घरी गेले तर ताई म्हणाल्या, "इटलीत हायेत. लिंबापाशी बघा."

सर बाहेरच्या ओट्यावर बसले होते. केस पिकले होते, अंग जरा वाळलं होतं. शेजारी तांड्यावरची एक म्हातारी दवाखान्यातून परतताना टेकली होती, मांडीवर औषधाची पिशवी, हातात ताईंच्या थर्मासमधला चहा. मी फोटो सरांच्या हातात दिला.

त्यांनी तो खूप वेळ पाहिला. डोंगराचा उतार, गवत, झाडी, आणि झाडीतून वर गेलेली करड्या दगडांची पडकी रांग. इतकी वर्षं त्यांच्या लेखी उभी असलेली भिंत पडलेली होती, आणि हे मीच त्यांच्यापुढे आणून ठेवलं होतं. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं आणि मला वाईट वाटलं.

"पडली म्हणायची," सर म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. त्यांनी फोटोवर बोट फिरवलं, भिंतीच्या पायथ्याशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "हिथं बसायला जागा न्हाई दिसत कुठं."

मग त्यांनी फोटोची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि ओट्यावर सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "हिथून भिंत चांगली दिसते."